शिकाऊ उमेदवारीवर सरकारची देखरेख कुठे असते आणि प्रमाणपत्र कोण देते

परभणी जिल्ह्यातील एका पालकांनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्या मुलाने आयटीआयमधून फिटर ट्रेड पूर्ण केला असून गेले आठ महिने तो छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्यात ‘ॲप्रेंटिस’ म्हणून जातो. पाळी बारा तासांची असते, काम बहुतेक वेळा पॅकिंगचे आणि माल चढवण्या-उतरवण्याचे असते, आणि वर्ष पूर्ण झाल्यावर कंपनी प्रमाणपत्र देईल असे त्याला भरती करणाऱ्या माणसाने सांगितले आहे. हे प्रमाणपत्र रेल्वेच्या भरतीत चालेल काय, आणि सरकार अशा प्रशिक्षणावर लक्ष ठेवते की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक आणि नंतर गटनिदेशक होतो. नोकरीचा बराच काळ मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात, म्हणजे ज्याला आम्ही बीटीआरआय म्हणतो तिथे, शिकाऊ उमेदवारांची कागदपत्रे, वर्ग आणि परीक्षा सांभाळण्यात गेला. त्या अनुभवावरून मला वाटते की प्रमाणपत्र चालेल की नाही हा येथे दुसरा प्रश्न आहे. आपला मुलगा कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार आहे की नाही, हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या पत्रात नाही. मराठवाड्यातून वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याला जाणाऱ्या मुलांपैकी अनेकांना हे उत्तर स्वतःलाच ठाऊक नसते, कारण कारखान्याच्या फाटकावर सगळ्यांनाच ‘ॲप्रेंटिस’ किंवा ‘ट्रेनी’ म्हटले जाते. त्यात कोणी ठेकेदाराकडचा कामगार असतो, कोणी कंपनीच्या स्वतःच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतला असतो, काही वर्षांपूर्वीपर्यंत कोणी आता बंद झालेल्या नीम (राष्ट्रीय रोजगारक्षमता वृद्धी अभियान) योजनेतला असे, आणि 2024 पासून कोणी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतला असतो. या सर्वांचे नियम वेगळे आहेत. ट्रेडचे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र फक्त ॲप्रेंटिसेस ॲक्ट, 1961 खाली करार नोंदलेल्या मुलालाच मिळते.

हा कायदा शिकाऊ उमेदवारीची सुरुवात कामाच्या पहिल्या दिवसापासून मानत नाही, करारापासून मानतो. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार व्हावा लागतो, उमेदवार अठरा वर्षांखालील असेल तर त्याच्या पालकाची सही लागते, आणि हा करार शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदवावा लागतो. हे काम आता केंद्र सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर होते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ तीच असे. मुलाने पोर्टलवर स्वतःचे नाव, आधार आणि आयटीआयचे गुणपत्रक भरून नोंदणी केली म्हणजे करार झाला असे नाही. ती केवळ उमेदवार म्हणून झालेली नोंदणी असते. कारखान्याने त्याला निवडून कराराचा प्रस्ताव पाठवला, मुलाने तो स्वीकारला आणि सल्लागाराकडून तो नोंदला गेला, तरच त्याच्या खात्यात करार क्रमांक, ट्रेडचे नाव, आस्थापनेचे नाव, सुरुवातीची व शेवटची तारीख दिसते. म्हणून आज रात्री मुलाला फोन करून त्याच्या पोर्टलच्या खात्यात करार दिसतो की नाही एवढेच आधी पाहायला सांगावे. दिसत असेल तर त्याची प्रत उतरवून घ्यावी.

वेतनचिठ्ठीवरूनही बरेच कळते. कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. त्याला पगार नव्हे तर विद्यावेतन मिळते आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी कापला जात नाही. मुलाच्या चिठ्ठीत पीएफची कपात दिसत असेल आणि वर ठेकेदाराचे नाव असेल, तर तो बहुधा ठेकेदाराचा कामगार आहे. त्यात त्याचे सगळेच नुकसान आहे असे मी म्हणत नाही, कारण पीएफ हा त्याचा हक्काचा पैसा आहे, पण त्या वर्षाचे शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र त्याला मिळणार नाही. उलट बाजूने मात्र अनुमान काढू नये. पीएफ कापला जात नाही म्हणजे तो शिकाऊ उमेदवार आहेच असे ठरत नाही, कारण काही ठिकाणी कोणतीच नोंद न करता मुलांना हातात पैसे दिले जातात.

विद्यावेतनाचे किमान दर नियमांनी ठरलेले आहेत. 2019 च्या सुधारित नियमांप्रमाणे आयटीआय प्रमाणपत्रधारकाला दरमहा किमान 7,000 रुपये, पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 9,000 रुपये असे ते दर होते. 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्यात 36 टक्के वाढीची शिफारस केली. मुलाच्या करारावर जो आकडा छापला असेल तोच प्रमाण मानावा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना 2016 मध्ये सुरू झाली. तिच्याखाली केंद्र सरकार विद्यावेतनाच्या 25 टक्क्यांपर्यंत, पण दरमहा जास्तीत जास्त 1,500 रुपयांचा वाटा उचलते, आणि 2023 पासून हा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो. मुलाच्या खात्यात कंपनीच्या रकमेशिवाय सरकारकडून अशी वेगळी रक्कम येत असेल, तर करार नोंदलेला आहे याचा तो चांगला पुरावा होय. ती येत नसेल तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये, कारण सगळ्याच आस्थापना या योजनेचा लाभ घेत नाहीत आणि आधार बँक खात्याशी जोडलेले नसले तरी पैसे अडकतात.

आता सरकार लक्ष ठेवते की नाही, या प्रश्नाकडे वळतो. देखरेख करणारी यंत्रणा दोन भागांत विभागलेली आहे आणि आपली तक्रार कुठे जाईल ते या विभागणीवर अवलंबून असते. रेल्वे, केंद्र सरकारचे उपक्रम आणि चार किंवा अधिक राज्यांत कारभार असलेल्या आस्थापना या केंद्राच्या अखत्यारीत येतात, आणि महाराष्ट्रासाठी ते काम मुंबईतील कौशल्य विकास व उद्योजकता प्रादेशिक संचालनालय पाहते. बाकीच्या खासगी आस्थापना आणि राज्याचे उपक्रम, म्हणजे एसटी, महावितरण, परळीचे वीज केंद्र, साखर कारखाने, जालन्याच्या रोलिंग मिल, हे सारे राज्याच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे येतात. महाराष्ट्रात हे काम व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आहे. त्याचे मराठवाड्यासाठीचे प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, आणि प्रत्यक्ष काम जिल्ह्यातील बीटीआरआय केंद्रे व तेथील सहायक सल्लागार करतात. वाळूजमधील एखादी मोठी कंपनी चार राज्यांत पसरलेली असेल तर संभाजीनगरचे कार्यालय आपला अर्ज मुंबईकडे पाठवायला सांगेल. तसे झाले तर ते टाळाटाळ करीत आहेत असे समजू नये, कारण अधिकारक्षेत्राची रचनाच तशी आहे. अर्ज करताना दोन्हींकडे प्रत दिली तर वेळ वाचतो.

या अधिकाऱ्यांना कायद्याने बरेच काही करता येते. ते आस्थापनेत जाऊन तपासणी करू शकतात, नोंदवह्या मागवू शकतात आणि उमेदवारांना प्रश्न विचारू शकतात. पण एका अधिकाऱ्याच्या वाट्याला शेकडो आस्थापना येतात आणि औद्योगिक वसाहतीतील प्रत्येक शेडपर्यंत कोणी वारंवार जाऊ शकत नाही. त्यामुळे देखरेख प्रत्यक्षात तीन ठिकाणी घडते: करार नोंदताना, प्रशिक्षणाच्या नोंदी पाहताना आणि शेवटच्या परीक्षेत. या तीन ठिकाणी मुलाचे नाव आणि काम लेखी स्वरूपात असेल, तर यंत्रणा त्याच्या बाजूने उभी राहू शकते. ते लेखी नसेल, तर अधिकारी कितीही सज्जन असला तरी त्याच्या हातात काही नसते. हे मी या नोकरीत फार जवळून पाहिले आहे, आणि म्हणूनच कागदावर इतका भर देत आहे.

करार नोंदताना अधिकारी आस्थापनेतील माणसांची संख्याही पाहतात. ज्या आस्थापनेत ठेकेदाराचे कामगार धरून 30 किंवा अधिक माणसे आहेत तिला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, 4 ते 29 माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे, आणि उमेदवारांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के या मर्यादेत असावी लागते. याचा उपयोग आपल्यालाही करता येतो. समजा त्या कारखान्यात सर्व मिळून 400 माणसे असतील, तर कायदेशीर शिकाऊ उमेदवार 10 ते 60 इतकेच असू शकतात. मुलगा सांगत असेल की तिथे दीडशे मुले ‘ॲप्रेंटिस’ आहेत, तर त्यांतली निदान नव्वद या कायद्याखालची नाहीत हे उघड आहे. एका अर्थी ही वरची मर्यादा मुलांच्या संरक्षणासाठीच आहे, कारण ती नसती तर कायमच्या कामगारांच्या जागी वर्षावर्षाच्या प्रशिक्षणार्थ्यांनी कारखाना चालवण्याचा मोह अनेकांना झाला असता. मर्यादा असूनही तसे घडते, आणि ते बहुतेक वेळा नोंदणीच न करता घडते.

पॅकिंग आणि बारा तासांच्या पाळीविषयी कायदा पुरेसा स्पष्ट आहे, आणि करार नोंदलेला असेल तर आपली बाजू भक्कम आहे. शिकाऊ उमेदवाराला प्रशिक्षणाशी संबंध नसलेल्या कामावर लावता येत नाही. सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडून जादा तास काम करून घेता येत नाही, आणि ती मंजुरीसुद्धा ते जादा काम प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचे आहे अशी खात्री पटल्यावरच देता येते. नगावर मोबदला देणे किंवा उत्पादन बोनसच्या योजनेत त्याला ओढणे यालाही मनाई आहे, कारण मुलगा नग मोजू लागला की शिकणे मागे पडते. यात अपवादाची जागा आहे हेही सांगतो. फिटरच्या मुलाने काही दिवस स्टोअरमध्ये किंवा डिस्पॅचमध्ये काढले तर त्याला मी चूक म्हणणार नाही, कारण जॉब, म्हणजे आपण घडवतो तो नग, कुठून येतो आणि कुठे जातो हे कळणे हाही शिक्षणाचा भाग आहे. आठ महिने मात्र तेच काम असेल तर त्याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही. फिटरच्या अभ्यासक्रमात फाइलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग, मार्किंग, फिटिंगच्या सहनशीलता मर्यादा (टॉलरन्स), बेअरिंग बसवणे, पंप व गिअरबॉक्स खोलून जोडणे अशी कामे असतात, आणि त्यांची यादी आस्थापनेकडे असायला हवी. ती यादी मुलाने मागावी आणि आपण आतापर्यंत त्यातले काय केले ते समोर लिहावे. ही वही तो रोज लिहीत राहिला तर पुढे तक्रारीतही आणि परीक्षेतही कामी येते.

सुरक्षेबद्दल आपण विचारलेले नाही, तरी ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिकाऊ उमेदवार कामगार नसला तरी आरोग्य व सुरक्षेच्या तरतुदी त्याला कामगारांप्रमाणेच लागू आहेत, आणि कामावर इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाची असते. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या विभागात, बोटे जाण्याचे अपघात आपल्या भागातील अनेक घरांनी पाहिले आहेत. ज्या मुलाचा करारच नोंदलेला नसतो त्याच्या अपघातानंतर पहिला वाद ‘हा मुलगा आमचा नाहीच’ येथून सुरू होतो, आणि दवाखान्यात बसलेल्या आईवडिलांना तो वाद घालावा लागतो. कराराची प्रत घरी असावी ती यासाठीही.

प्रमाणपत्राच्या बाबतीत एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. कायद्याखाली दोन प्रकारचे ट्रेड आहेत. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर असे डेझिग्नेटेड ट्रेड सरकारने अधिसूचित केलेले असतात. त्यांचा अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि शेवटी अखिल भारतीय ट्रेड टेस्ट द्यावी लागते, जिच्यात सिद्धांताबरोबर प्रत्यक्ष जॉबही करून दाखवावा लागतो. ती उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते, ज्याला सगळे एनएसी म्हणतात. दुसरा प्रकार 2014 च्या दुरुस्तीने आलेल्या ऑप्शनल ट्रेडचा. त्यात अभ्यासक्रम मुख्यतः उद्योगाच्या गरजेप्रमाणे बेतलेला असतो आणि मूल्यमापन बहुधा सेक्टर स्किल कौन्सिल या त्या उद्योगक्षेत्राच्या कौशल्य संस्थेमार्फत होते. ऑप्शनल ट्रेड वाईट नाहीत. रिटेल, वाहनदुरुस्ती, लॉजिस्टिक्स अशा कामांत त्यांना मान आहे, आणि खासगी नोकरीत मुलाला मुख्यतः हाताचे काम विचारले जाते. परंतु आपला हेतू रेल्वेचा आहे. रेल्वेच्या लेव्हल 1 च्या, म्हणजे पूर्वीच्या ग्रुप डीच्या, थेट भरतीत 20 टक्के जागा रेल्वेच्याच आस्थापनांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून एनएसी मिळवलेल्यांसाठी ठेवलेल्या असतात; खासगी कारखान्यातील मुलाला त्या मिळत नाहीत, पण बाकीच्या जागांच्या पात्रतेतही शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र म्हणून एनएसीच ग्राह्य धरले जाते. म्हणून करारावर ट्रेडचे नाव ‘फिटर’ आहे की ‘असेंब्ली ऑपरेटर’सारखे काही आहे, हे बारकाईने वाचावे. आयटीआय फिटरची शिकलेली मुले घेऊन त्यांचा करार भलत्याच ऑप्शनल ट्रेडमध्ये केल्याची उदाहरणे माझ्यासमोर आली आहेत. कागद पूर्णपणे कायदेशीर होता, पण मुलाला जे हवे होते ते त्या कागदाने मिळणार नव्हते.

कंपनीने स्वतःच्या शिक्क्याने दिलेला कागद म्हणजे अनुभवाचा दाखला होय. दुसऱ्या खासगी कारखान्यात तो उपयोगी पडू शकतो, पण एनएसीची जागा तो घेऊ शकत नाही. त्याला भरती करणाऱ्या माणसाने ‘कंपनी प्रमाणपत्र देईल’ असे म्हटले आहे आणि मला त्याच वाक्याची चिंता वाटते, कारण डेझिग्नेटेड ट्रेडचे प्रमाणपत्र कोणतीच कंपनी देत नाही. कंपनी फक्त प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे कळवते आणि परीक्षेचा अर्ज पुढे पाठवते. प्रमाणपत्र परीक्षेनंतर राष्ट्रीय पातळीवरून येते आणि ते ऑनलाइन पडताळता येते.

एक गैरसमज पालकांमध्ये फार पसरलेला आहे. शिकाऊ उमेदवारी संपली की कारखान्याने नोकरी द्यावीच असा कायदा नाही, आणि दिलेली नोकरी मुलाने घ्यावीच असाही नाही. करारात तशी अट घातली असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे ‘परमनंट करू’ या तोंडी शब्दावर शेत गहाण टाकून खोलीचे भाडे भरण्याची वेळ आणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता पुढे काय करायचे ते परिस्थितीवर अवलंबून आहे. करार नोंदलेला आहे, ट्रेड फिटर आहे आणि काम मात्र पॅकिंगचे आहे असे असेल, तर मी मुलाला कारखाना सोडायला सांगणार नाही. उरलेले चार महिने त्याच्या हिताचे आहेत. आधी कंपनीच्या प्रशिक्षण किंवा मनुष्यबळ विभागाला लेखी विनंती करावी की मला अभ्यासक्रमातील अमुक कामे मिळालेली नाहीत, ती द्यावीत. पुष्कळदा एवढ्याने काम होते, कारण करार नोंदवणाऱ्या कंपनीला परीक्षेत मुले नापास झालेली नको असतात. उत्तर आले नाही तर सल्लागाराकडे अर्ज करावा. करारातून निर्माण होणाऱ्या वादावर निर्णय देण्याचा अधिकार कायद्याने सल्लागारालाच दिला आहे, आणि तो निर्णय मान्य नसेल तर तीस दिवसांत शिकाऊ उमेदवारी परिषदेकडे अपील करता येते. अर्जात भावनेपेक्षा तपशील असावा: करार क्रमांक, तारखा, पाळीच्या वेळा, कोणत्या विभागात किती दिवस काम दिले. रोजची वही येथे उपयोगी पडते.

कंटाळून न सांगता निघून येणे मात्र टाळावे. करार रीतसर संपुष्टात आणला नाही तर पोर्टलवर तो चालूच दिसत राहतो आणि दुसऱ्या आस्थापनेला नवा करार करता येत नाही. शिवाय अनेक जाहिरातींत यापूर्वी शिकाऊ उमेदवारी केलेली नसावी अशी अट असते, तेव्हा अर्धवट नोंद पुढे आडवी येते. सोडायचेच झाले तर सल्लागाराकडे करार संपवण्याचा अर्ज करून तो मंजूर करून घ्यावा. मालकाने कराराच्या अटी न पाळल्यामुळे करार संपला असे ठरले तर शेवटच्या विद्यावेतनाच्या तीन महिन्यांइतकी भरपाई उमेदवाराला मिळण्याची तरतूद नियमांत आहे.

आणि करार नोंदलेलाच नसेल, तर गेलेले आठ महिने शिकाऊ उमेदवारीत धरले जाणार नाहीत. हे ऐकणे कठीण आहे, पण आणखी चार महिने त्याच आशेवर काढण्यापेक्षा ते आज कळणे बरे. यात एक चांगली बाजूही आहे: नोंद नाही म्हणजे मुलाची शिकाऊ उमेदवारीची संधी अजून शिल्लक आहे. त्याने पोर्टलवर आपली नोंदणी पूर्ण करून फिटर ट्रेडच्या जागा शोधाव्यात, आपल्या जुन्या आयटीआयच्या प्राचार्यांना किंवा परभणीच्या बीटीआरआय केंद्राला भेटून एसटीचा विभाग, परळीचे वीज केंद्र, जवळचे साखर कारखाने येथे जागा कधी निघतात ते विचारावे, आणि दक्षिण मध्य रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे. रेल्वेत ही निवड बहुधा दहावी व आयटीआयच्या गुणांवर होते, म्हणून त्याचे गुण किती आहेत ते पाहूनच तिकडची आशा धरावी. गुण कमी असतील तर घराजवळच्या साखर कारखान्यात नोंदलेल्या कराराने फिटरचे एक वर्ष करणे मला वाळूजच्या पॅकिंग लाइनपेक्षा कितीतरी चांगले वाटते, कारण गाळप बंद असताना मिल, पंप आणि गिअरबॉक्स उघडून दुरुस्त होतात तेव्हा फिटरला जे हाताने करायला मिळते ते ट्रेड टेस्टच्या जॉबला थेट उपयोगी पडते.